ऋण सोडताना

माझी नात सहावीत शिकते. तिची शाळा इंग्रजी माध्यमाची, आणि मी आयुष्याची तेहतीस वर्षे मराठी शाळेत इंग्रजी शिकविण्यात घालविलेली. त्यामुळे तिचा इंग्रजीचा गृहपाठ माझ्याकडे येतो. उपवासकाळातल्या एका संध्याकाळी ती वही घेऊन आली. एका क्रियापदाचे समानार्थी शब्द लिहून प्रत्येकाचा वाक्यात उपयोग करावयाचा होता. क्रियापद होते ‘फरगिव्ह’. तिने कोशातून शब्द काढलेही होते : पार्डन, एक्स्क्यूज, ओव्हरलुक, कन्डोन, अ‍ॅब्सॉल्व्ह. 

“आजोबा, सगळ्यांचा अर्थ ‘क्षमा करणे’ हाच ना? मग इतके शब्द कशाला?” तिने विचारले.

शिक्षकाला ठाऊक असते ते उत्तर मी दिले. दोन शब्दांचा अर्थ अगदी एक कधीच नसतो. एकाच आळीत राहणाऱ्या घरांसारखे ते असतात, अंगण सामाईक पण उंबरठे वेगळे. मग मी तिची वाक्ये तपासू लागलो. ‘फरगिव्ह’ घालून तिने जे वाक्य लिहिले होते त्याचा मराठी अर्थ असा : ‘तुझी चूक नव्हती म्हणून मी तुला क्षमा करते.’ व्याकरण निर्दोष होते. तरीही माझी लाल पेन्सिल त्या वाक्याखाली रेघ ओढून गेली. ती हिरमुसली. “यात चुकले काय?” या तिच्या प्रश्नाला मला चटकन उत्तर देता येईना. त्या रात्री मी त्या वाक्याचा विचार करीत जागा राहिलो आणि हळूहळू ध्यानात आले, की ही चूक एकट्या तिची नाही. आपण बहुतेक जण क्षमेचा अर्थ असाच लावीत आलो आहोत. मीही लावला होता, आणि त्याच्या आधारावर वीसहून अधिक वर्षे निश्चिंत राहिलो होतो.

तिच्या यादीतला सर्वांत वापरातला शब्द ‘एक्स्क्यूज’. विरारच्या गाडीत दाराशी उभ्या असलेल्या गर्दीतून वाट काढताना आपण ‘एक्स्क्यूज मी’ म्हणतो. त्या वेळी समोरच्याने आपल्याला क्षमा करावी अशी आपली अपेक्षा नसते. त्याने थोडे सरकावे, एवढीच असते. हा शब्द लॅटिनमधून आला. ‘एक्स’ म्हणजे बाहेर आणि ‘काउसा’ म्हणजे कारण किंवा दोषारोप. ज्याला ‘एक्स्क्यूज’ केले, त्याला दोषारोपातून बाहेर काढले. तुझ्याकडून हे झाले खरे, पण त्याला कारण होते. गाडी चुकली, ताप होता, निरोप मिळाला नाही. सबब तुझ्यावर दोष नाही. मराठीतली ‘सबब’ नेमके हेच काम करते. ती खोटीच असते असे नाही. अनेकदा ती अगदी खरी असते, आणि ती ऐकून न घेणे हा अन्याय ठरतो.

परंतु सबब पुरी पडली की क्षमेला काम उरत नाही. दोषच नसेल तर क्षमा कशाची करावयाची? माझ्या नातीचे वाक्य इथे अडले होते. चूक नव्हती म्हणून जे दिले जाते तो न्याय असतो. क्षमेची गरज लागते ती सर्व सबबी ऐकून झाल्यावर, त्या रास्त वजनाने वजा केल्यावर, तळाशी जो अस्सल दोष उरतो त्याच्यासाठी. इंग्रज लेखक सी. एस. लुइस यांनी आपल्या एका निबंधात हा भेद मांडला आहे. आपण देवाकडे क्षमा मागावयास जातो आणि प्रत्यक्षात सबबी सांगून परत येतो, ही त्यांची तक्रार ज्याने कधी मनापासून पापनिवेदन केले आहे त्याला समजावून सांगावी लागणार नाही.

दुसरा शब्द ‘पार्डन’. बोलणे नीट ऐकू आले नाही की शिष्टाचार पाळणारी माणसे ‘पार्डन?’ म्हणून विचारतात. पण या शब्दाचे खरे घर राजदरबारात आहे. राजाने, राष्ट्रपतीने, राज्यपालाने शिक्षा माफ करावी ती ‘पार्डन’. तिला अधिकारपद लागते. मन लागतेच असे नाही. फरगिव्ह आणि पार्डन यांतला फरक सांगणारा एक ठळक दाखला आपल्याच काळात घडला. १३ मे १९८१ रोजी रोमच्या संत पेत्राच्या चौकात मेहमेत अली आग्जा या तुर्की तरुणाने पोप जॉन पॉल दुसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या. चारच दिवसांनी, रुग्णशय्येवरून, पोपमहोदयांनी त्याला क्षमा केल्याचे जाहीर केले. २७ डिसेंबर १९८३ रोजी ते रेबिब्बियाच्या तुरुंगात गेले आणि त्याच्या कोठडीत त्याच्याशेजारी बसून बोलले. क्षमा अशी पुरी झाली होती. तरी आग्जाची जन्मठेप चालूच होती. इटलीच्या राष्ट्राध्यक्षांनी, कार्लो अझेलिओ चाम्पी यांनी, त्याची शिक्षा माफ केली ती जून २००० मध्ये. म्हणजे एक शब्द १९८१ साली उच्चारला गेला आणि दुसरा एकोणीस वर्षांनी. पहिला जखमी माणसाचा होता, दुसरा राज्याचा. एकाचा उच्चार झाला म्हणून दुसऱ्याचा व्हावाच असे बंधन नव्हते. ‘क्षमा केलीत ना, मग तक्रार मागे घ्या,’ असे ज्यांना ऐकावे लागते त्यांनी हा दाखला मनाशी ठेवावा. क्षमा न्यायाचे दार बंद करीत नाही.

‘ओव्हरलुक’ म्हणजे काणाडोळा करणे. संसारात तो लागतोच. भाजीत मीठ जास्त पडले, सुनेने चहा उशिरा दिला, शेजाऱ्याच्या कोंबड्या आपल्या वाडीत शिरल्या, अशा गोष्टींना क्षमेची प्रतिष्ठा देऊ नये. त्या पाहिल्या न पाहिल्याशा कराव्यात. काही माणसे क्षुल्लक गोष्टींनाही मोठ्या मनाने ‘क्षमा’ करीत सुटतात आणि घरातल्या इतरांना जन्मभर अपराधी ठरवून ठेवतात.

‘कन्डोन’ मात्र सांभाळून वापरावयाचा शब्द आहे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘देऊन टाकणे, देणे सोडून देणे’ असा उदार होता. आपल्या न्यायालयांत तो आजही निरुपद्रवी रूपात भेटतो. मुदतीनंतर अपील दाखल करावयाचे असेल तर विलंब माफ व्हावा म्हणून जो अर्ज करतात, त्याच्या इंग्रजी नावात हाच शब्द असतो. पण रोजच्या इंग्रजीत त्याचा अर्थ घसरत गेला आणि दुष्कृत्य कळत असून चालू देणे, त्याला मूक संमती देणे, यापर्यंत येऊन ठेपला. शब्द घसरला तशी माणसेही घसरतात. दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्याच्या घरी बायकोला ‘ख्रिस्ताने क्षमा शिकविली आहे’ असे सांगून परत पाठविणारे आपल्यात होते आणि आहेत. त्यांच्या तोंडी शब्द क्षमेचा असला तरी कृती काणाडोळ्याची असते. मुलाबाळांवर झालेले अत्याचार झाकताना जगातल्या अनेक ठिकाणी आपल्या पवित्र सभेतील अधिकाऱ्यांनीही हाच घोटाळा केला, हे आता लपून राहिलेले नाही. ज्या क्षमेत चुकीला चूक म्हटले जात नाही, ती क्षमाच नव्हे. क्षमा करणारी बाई नवऱ्याचा द्वेष सोडू शकते; मार खाण्यासाठी त्याच घरात परत जाण्याचे कर्तव्य तिच्यावर त्यामुळे येत नाही.

‘अ‍ॅब्सॉल्व्ह’ हा आपल्या ओळखीचा शब्द. ‘अब’ आणि ‘सोल्व्हेरे’ या दोन लॅटिन शब्दांतून तो बनला. गाठ सोडविणे, मोकळे करणे हा त्याचा अर्थ. समेट संस्कारात धर्मगुरू हात पुढे करून जे शब्द उच्चारतात त्यांत हेच क्रियापद आहे. तिथे बांधलेला आपण असतो आणि सोडविणारा देव. ध्यानात घ्यावे ते असे, की तिथेही पाप नाकारले जात नाही. उलट आधी ते आपल्या तोंडून नावानिशी वदविले जाते, प्रायश्चित्तही दिले जाते, आणि मग गाठ सुटते.

आता मूळ क्रियापदाकडे येतो. ‘फरगिव्ह’ या शब्दाच्या पोटात ‘गिव्ह’ आहे, म्हणजे देणे. त्याआधीचा ‘फॉर’ हा जुन्या इंग्रजीतला उपसर्ग इथे पूर्णतेचा भाव आणतो. पूर्णपणे देऊन टाकणे, हातचे काही न राखता देणे, असा तो शब्द आहे. ‘पार्डन’मधल्या ‘डोनारे’चा अर्थही देणे असाच, पोर्तुगीज ‘पेर्दोआर’मध्येही तोच दडलेला आहे. युरोपातल्या इतक्या भाषांना क्षमा म्हणताना ‘देणे’ का आठवावे? ज्याने माझे नुकसान केले, त्यालाच वर आणखी मी काय द्यावयाचे?

याचे उत्तर प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत आहे. आपण मिस्सामध्ये ती म्हणतो तेव्हा ‘अपराध’ हा शब्द उच्चारतो. इंग्रजीत प्रार्थना म्हणणारे ‘ट्रेसपासेस’ म्हणतात. या शब्दाचा अर्थ मर्यादा ओलांडणे, दुसऱ्याच्या हद्दीत शिरणे. मुंबईतल्या जुन्या बंगल्यांच्या फाटकांवर याच शब्दाच्या पाट्या असत. विल्यम टिंडेल यांनी १५२६ च्या आपल्या इंग्रजी नव्या करारात तो योजला आणि तो लोकांच्या प्रार्थनेत रुजला. बांधावरून पिढ्यान् पिढ्या भांडणाऱ्या आम्हा वाडीवाल्यांना हा शब्द समजावयास जड नाही. परंतु संत मत्तयच्या ग्रीक शुभवर्तमानात त्या जागी जो शब्द आहे त्याचा सरळ अर्थ ‘देणी, ऋणे’ असा आहे. १५८२ च्या कॅथलिक इंग्रजी नव्या करारात आणि १६११ च्या प्रॉटेस्टंट इंग्रजी बायबलात मत्तयच्या या ओळीत ‘ऋण’च आहे, आपल्या प्रॉटेस्टंट बांधवांच्या मराठी बायबलातही तिथे ‘ऋण’ हाच शब्द येतो. संत लूकने मात्र पहिल्या जागी ‘पापे’ म्हटले आणि लगेच पुढे आपल्या ऋणकऱ्यांचा उल्लेख केला. दोघांत विरोध नाही. प्रभू येशू ज्या अरामी भाषेत बोलत, तिच्यात ‘होबा’ या एकाच शब्दाने कर्जही सांगितले जाई आणि पापही.

क्षमा करणे यासाठी मत्तयने वापरलेले ग्रीक क्रियापदही पाहण्याजोगे आहे. ‘आफिएमि’ म्हणजे सोडणे, जाऊ देणे. पहिल्या शिष्यांनी किनाऱ्यावर आपली जाळी सोडली तिथे हेच क्रियापद आहे. पेत्राच्या सासूला तापाने सोडले तिथेही हेच. लॅटिन प्रार्थनेत त्याच्या जागी ‘दिमित्तेरे’ आले, म्हणजे पाठवून देणे, रवाना करणे. आपला ‘मिस्सा’ हा शब्दही याच कुळातला. मराठीत आपण कर्ज ‘सोडतो’, सूड ‘सोडतो’ आणि ‘जाऊ दे’ म्हणतो. एवढ्यापुरती मराठी त्या मूळ ग्रीक शब्दाच्या अगदी जवळ आहे.

कर्ज सोडले म्हणजे ते नाहीसे होते का? ज्याने हिशेबाची वही ठेवली आहे त्याला विचारावे. २००८ साली केंद्र सरकारने शेतकऱ्यांची कर्जे माफ केली तेव्हा ती रक्कम हवेत विरली नाही. बँकांना ती सरकारी तिजोरीतून भरून द्यावी लागली. घेणेकऱ्याने कर्ज सोडले की कर्जदार मोकळा होतो, पण तूट घेणेकऱ्याच्या घरात येऊन बसते. फेडणारा बदलतो, एवढेच. ‘फरगिव्ह’मध्ये ‘गिव्ह’ आहे तो यासाठी. क्षमा करणारा आपल्या पदरचे काही देत असतो. जो भार टाकणाऱ्याने उचलावयाचा, तो तो स्वतः उचलतो. जुन्या करारातल्या हिब्रू भाषेत क्षमेसाठी येणारे एक क्रियापद तर ‘उचलणे, वाहून नेणे’ याच अर्थाचे आहे. क्रुसाकडे पाहिल्यावर या क्रियापदाचा आणखी अर्थ सांगावा लागत नाही.

आपल्या भाषेनेही हे जाणले होते. ‘क्षमा’ ज्या ‘क्षम्’ धातूपासून आली, त्याचा अर्थ सहन करणे, सोसण्यास समर्थ असणे. ‘क्षमता’ आणि ‘सक्षम’ हे शब्द त्याच घरातले. संस्कृतात ‘क्षमा’ हे पृथ्वीचेही नाव आहे. तिच्यावर नांगर चालतो, आणि ती पीक देते. गोव्याच्या कोकणीत क्षमेला ‘भोगसणे’ म्हणतात. तो शब्द ऐकताना मराठी कानाला ‘भोगणे’ आठवल्याशिवाय राहत नाही. आणि आपल्या घरांतल्या म्हाताऱ्या बायका ‘अपराध पोटात घाला’ म्हणत. जे पोटात घालावयाचे ते गोड नसते, हे त्यांना ठाऊक होते. एकूण, क्षमा दुबळ्याची नव्हे. जो सोसण्यास सक्षम आहे तोच ती करू जाणे.

या सामर्थ्याचे दर्शन मध्य प्रदेशाने घडविले. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे जाणाऱ्या एका बसमध्ये, इतर प्रवाशांच्या डोळ्यांदेखत, सिस्टर राणी मारिया यांची भोसकून हत्या झाली. सावकारी पाशात सापडलेल्या गरीब आदिवासींना त्या आपल्या पायावर उभे करीत होत्या, हा त्यांचा गुन्हा. २००२ साली त्यांची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल तुरुंगात गेल्या आणि बहिणीच्या मारेकऱ्याच्या हाताला त्यांनी राखी बांधली. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे राणी मारिया यांना धन्य घोषित करण्यात आले. राखी बांधताना सेल्मी पॉल यांनी ‘तुझी चूक नव्हती’ असे म्हटले नव्हते. चूक होती, ती भयंकर होती, आणि तो तिची शिक्षा भोगीत होता. त्या मनगटावर राखी बांधली गेली ती हे सर्व जाणून.

अशी उदाहरणे वाचली की आपण भारावतो आणि सुटकेचा निःश्वासही टाकतो. एवढे मोठे कोणी आपल्याकडून मागणार नाही, म्हणून. आपल्या वाट्याला येतात ती चाळीस हजार रुपयांची भांडणे. आकडा मी मुद्दाम लिहिला आहे, कारण तो माझा आहे.

१९९४ साली माझ्या थोरल्या भावाच्या मुलीचे लग्न ठरले. लग्नाला पंधरा दिवस असताना दादा संध्याकाळी आला आणि पैशांची अडचण बोलला. मी भविष्यनिर्वाह निधीतून कर्ज काढून त्याला चाळीस हजार दिले. कागद केला नाही. भावाभावांत कागद कसला? तीन वर्षांनी मला गरज पडली तेव्हा मी विषय काढला. चारचौघांत दादा म्हणाला, “ते पैसे कर्जाऊ कुठे होते? बाबांच्या आजारपणात मी केलेल्या खर्चाचा तो तुझा वाटा.” असे काहीच ठरले नव्हते. मला पैसे गेल्याचे दुःख झाले नाही असे नाही, पण नातेवाईकांच्या डोळ्यांत मी लोभी ठरलो, हे अधिक लागले.

मी ‘जाऊ दे’ म्हटले. पुढच्या पास्काच्या आधी पापनिवेदनातही ‘मी भावाला क्षमा केली आहे’ असे सांगितले. मिस्सामध्ये शांतीची खूण देताना आम्ही हात मिळवीत असू. आईची शवपेटी आम्ही दोघांनी एका बाजूने उचलली. मात्र मी त्याच्या घराचा उंबरठा चढलो नाही. माझे ‘जाऊ दे’ कोणत्या जातीचे होते, हे मला नातीच्या वहीने दाखविले. मी मनाशी म्हणत आलो होतो : दादा शिकलेला नाही, मुलीच्या लग्नाने तो टेकीला आला होता, वहिनीने त्याला भरीस घातले असेल, सबब जाऊ दे. मी त्याला एक्स्क्यूज केले होते, तेही वरवर, कारण या सबबींवर माझा स्वतःचाच विश्वास नव्हता. म्हणून दर काही महिन्यांनी मी त्याच्यावर खटला नव्याने चालवी आणि दर वेळी निकाल त्याच्या विरुद्ध लागे. ऋण मी सोडले नव्हते. त्याच्या वसुलीची आशा सोडली होती. या दोन गोष्टी एक नव्हेत.

मत्तयच्या अठराव्या अध्यायातला निर्दय चाकराचा दाखला मी वर्गात आणि वर्गाबाहेर अनेकदा सांगितला होता. या वेळी मी त्याचे गणित मांडून पाहिले. चाकर राजाला दहा हजार तालांत देणे होता. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दीनार, आणि दीनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला तीनशे दिवस राबले तर दोन लाख वर्षांची. हे सर्व राजाने सोडले. त्या चाकराचे सोबत्याकडे येणे होते शंभर दीनार. लहानपणापासून मी ते ‘चार पैसे’ असे समजत आलो होतो. पण शंभर दीनार म्हणजे शंभर दिवसांची मजुरी. रोज पाचशे रुपये धरले तर पन्नास हजार होतात. प्रभूने फुटकी कवडी सांगितली नाही. त्याने गरीब माणसाला खरोखर लागेल एवढी रक्कम सांगितली. तुझे येणे खोटे आहे, क्षुल्लक आहे, असे तो मला म्हणत नव्हता. येणे खरे आहे. आता तुझ्यावरचे देणे आठव, एवढेच तो म्हणत होता.

आणि मला आठवले. दादाने आठवीतून शाळा सोडली होती. पहाटेच्या गाडीने भाजीच्या टोपल्या घेऊन तो मुंबईला जाई, आणि त्याच पैशांवर मी शिक्षक होण्याचे शिक्षण घेतले. त्या टोपल्यांचा हिशेब कोणत्याही वहीत नव्हता. दादाने तो कधी काढला नव्हता, आणि मला तो कधी सुचला नव्हता. ही आठवण झाली म्हणून दादाचे १९९७ सालचे बोलणे खरे ठरत नाही. ते खोटेच होते. पण आपल्या वहीत फक्त येण्याचीच पाने आहेत आणि देण्याची कोरी आहेत, असे दिसल्यावर माणसाने वही मिटावी.

उपवासकाळातल्या पुढच्या शुक्रवारी, क्रुसाच्या वाटेची भक्ती आटोपल्यावर, मी दादाकडे गेलो. तो पडवीत बसला होता. त्याने माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, मी त्याच्या मोतीबिंदूची. वहिनीने चहा आणला. पैशांचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही. त्याने माफी मागितली नाही, आणि ती मागून घ्यावी असे मला त्या वेळी वाटलेही नाही. पूर्ण समेटाला दोन माणसे लागतात. क्षमेचा आरंभ एकट्यालाही करता येतो. निघताना त्याने परसातला केळीचा फणा माझ्या पिशवीत घातला.

याने सर्व मिटले असे लिहिले तर ते खोटे होईल. दुसऱ्याच दिवशी सकाळी दाढी करताना ‘ते पैसे कर्जाऊ कुठे होते?’ हे वाक्य पुन्हा कानाशी आले आणि हात थांबला. तेव्हा पेत्राला मिळालेल्या उत्तराचा एक नवा अर्थ मला लागला. भावाला किती वेळा क्षमा करावी, सात वेळा का, असे पेत्राने विचारले आणि प्रभूने त्याला सत्तर गुणिले सातचा हिशेब सांगितला. एवढे अपराध एकाच भावाने करावेत, असे क्वचित घडते. पण एकच अपराध तितक्या वेळा आठवतो, हे मात्र रोजचे आहे. प्रत्येक आठवणीला ते ऋण पुन्हा वसुलीस निघते आणि प्रत्येक वेळी ते पुन्हा सोडावे लागते. ‘फरगिव्ह’ हे क्रियापद आपण भूतकाळात वापरतो, मी क्षमा केली, असे. बहुधा ते वर्तमानकाळातच वापरले पाहिजे.

नातीची वही त्या रविवारी पुन्हा माझ्यासमोर आली. लाल रेघेखालचे वाक्य तिने सुधारावे म्हणून मी तिला एवढेच सांगितले, की ‘म्हणून’ काढ आणि त्या जागी ‘तरी’ घालून बघ. ती बराच वेळ पेन्सिल चावीत बसली. मग ‘तरी’ घातल्यावर वाक्याचा पहिला भागही बदलावा लागतो, हे तिचे तिलाच कळले. तिने इंग्रजीत जे लिहिले त्याचा अर्थ असा होता : ‘चूक तुझीच होती, तरी मी तुला क्षमा करते.’

मी त्याखाली बरोबरची खूण केली, आणि ते वाक्य स्वतःशी एकदा मराठीत म्हणून पाहिले.